जावईबापूंना ‘अमान्य’ म्हणण्याची पद्धत

तीर्थस्वरूप आक्कास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच घालतो). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला? मी मजेत आहे असं आईला सांग. तुला खरं लिहितो.

मला रणगाड्यावरून उतरवून युद्धसरावाच्या नियंत्रण कक्षात बसवलंय. कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आणि माणूस यांची जोडी जमेल अशी पद्धत मी बसवायची. यंत्र ड्रोनची चित्रं बघून शत्रू दाखवतं, माणसाने ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ दाबायचं. ‘अंतिम निर्णय माणसाचा’ अशी पाटी भिंतीवर आहे (मीच लावली, जरा तिरकी बसलीय). कक्षात यंत्राला सगळे जावईबापू म्हणतात, कारण त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नाही.

चार दिवस जावईबापू एकदाही चुकले नाहीत आणि तिथेच घात झाला. पहिल्या दिवशी मी डोळे फाडून चित्रं बघत होतो, पाचव्या दिवशी चहा ढवळत होतो. भर दुपारी पडद्यावर लाल चौकोन उमटला: शत्रूची तोफ, खात्री चौऱ्याण्णव टक्के. मी ‘मान्य’ दाबून मोकळा झालो. ती आपलीच स्वयंपाकाची गाडी निघाली. धुराडं जावईबापूंना तोफेची नळी वाटलं.

सरावच तो, गोळा कागदावर पडला. पण नियमाने स्वयंपाकी आणि त्याचे दोन्ही मदतनीस मेले, आणि मेलेल्यांनी संध्याकाळपर्यंत कशाला हात लावायचा नसतो. पातेली करपली, दोनशे माणसं उपाशी. स्वयंपाकी गळ्यात ‘मृत’ अशी पाटी घालून माझ्यापुढे उभा राहिला. वाटलं, आता माझा उद्धार होणार. तो एवढंच म्हणाला, “साहेब, बघून दाबलं होतंत ना?”

मी हो म्हणालो. आक्का, खोटं बोललो. मी फक्त टक्के बघितले होते.

संध्याकाळी कर्नलसाहेबांना सगळं सांगितलं आणि मला बदला म्हणालो. ते म्हणाले, “दुसरा बसवला तर तोही पाचव्या दिवशी चहाच ढवळेल. पद्धत बदल.”

बदलली. आता टक्के झाकलेले. आधी माणसाने काय दिसतं ते बोलायचं, मग यंत्राने आपलं मत कारणासकट सांगायचं. पहिल्या दिवशी मी इतका धास्तावलो होतो की सगळ्यालाच ‘अमान्य’ म्हणत सुटलो. शत्रूचे दोन रणगाडे थेट छावणीत शिरले आणि ‘मृत’ची पाटी कर्नलसाहेबांच्या गळ्यात गेली. काल मात्र जावईबापूंनी आणि मी मिळून पंधरा चित्रांपैकी चौदा बरोबर ओळखली. पंधरावं काय होतं, ते अजून कोणालाच कळलेलं नाही. मला त्याचीच स्वप्नं पडतात.

तुझा धाकटा

ता. क. सराव संपला, एवढंच आईला कळव.

दुसरा ता. क. सोमवारपासून हीच खुर्ची, पण सीमेवर, आणि खरी. तू वीस वर्षं अतिदक्षता विभागात यंत्रांच्या गराड्यात काढलीस. सगळी यंत्रं ठीक आहे म्हणत असताना, उठून रोग्याला बघावं असं तुला कधी वाटलं का? तेव्हा काय बघितलंस? दोन ओळी लिही, रविवारच्या आत पोचतील अशा. फोनवर नको. कागद खिशात ठेवता येतो.