काकू, तुमचे मागणे मी बदलले

प्रिय सुमनकाकू,

भिंतीला भिंत लागून घरे असताना तुम्हाला पत्र लिहिण्याची वेळ कधी आली नाही. पण रविवारी चाळीतल्या सातही घरांतली माणसे आमच्या ओटीवर जमली आणि गणपतीपुढच्या मागण्यांचे तुमचे काम यंदापासून मी पाहावे, असे त्यांनी ठरवले. प्रकाश म्हणाला, "तुमचा शब्द पक्का, भाऊ. काकूंनंतर तुम्हीच." मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. कारण जे तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे, ते त्यांना ठाऊक नाही.

"आपल्या घराचं आपण मागायचं नाय. शेजाऱ्याला सांगायचं, आन् शेजाऱ्यानं सगळ्यांसमोर मागायचं." पाचव्या दिवशी मूर्ती उचलण्यापूर्वी पाळायचा हा नियम तुम्ही गडबहून लग्न होऊन रोह्याला आलात तेव्हा सोबत आणलात, की इथेच तयार केलात? विचारले की तुम्ही म्हणायचात, "चालतंय ना? मग झालं तर."

चालत होते खरे. बाकीच्या घरांचे मागणे ऐकून घेऊन गणपतीपुढे तुम्ही म्हणायचात, तुमचे तेवढे दुसरा कोणी शेजारी. प्रकाशला धाटावच्या कंपनीत कायम व्हायचे आहे, हे आम्हाला अशाच एका मागण्यातून समजले. मग मी त्याचा अर्ज नीट लिहून दिला, आणि त्याची दुपारची शिफ्ट असली की माझी पत्नी मेधा त्याच्या मुलीला शाळेतून आणू लागली. तो कायम झाला. त्यात देवाने किती केले आणि शेजाऱ्यांनी किती, याची विभागणी मला आजही जमलेली नाही.

माझे मागणे मात्र दरवर्षी एकच असे : सर्वांना सुख लाभो. तुम्ही कपाळाला हात लावायचात. "हे काय मागणं रे, श्रीकांता? कॅलेंडरावर छापल्यागत. तुला काय हवं ते सांग की." मी हसून वेळ मारून नेत असे. स्वतःची इच्छा दुसऱ्याच्या हाती देण्याचा मला इतका संकोच का वाटत होता?

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तुमचे पोटाचे दुखणे बळावले आणि तुमची लता पेणहून तुमच्याजवळ राहायला आली. दिवाळीपलीकडचे काही सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. विसर्जनाच्या आदल्या दुपारी तुम्ही मला बोलावून घेतलेत. लता पाणी भरायला गेली होती.

"यंदा माझं एवढंच माग. देवा, हिला लवकर ने. शब्द बदलू नको हां. तू कागद तपासणारा माणूस, म्हणून तुला सांगते."

मी होकार दिला. कंपनीतून बाहेर पडणाऱ्या मालाचे कागद तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली आहे. दुसऱ्याने लिहिलेला शब्द मी कधी बदललेला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी, तुम्ही खुर्चीत उशी घेऊन बसलेल्या आणि लता तुमच्यामागे उभी असताना, मी म्हणालो, "काकूंना आराम पडू दे. पुढच्या वर्षी त्या इथेच बसलेल्या असू दे." सगळे एका आवाजात म्हणाले, "होऊ दे."

आणि पुढच्या वर्षी तुम्ही तिथेच बसला होतात, काकू. पहिला अर्धा भाग सोडून माझे मागणे तंतोतंत खरे झाले.

मागण्याने आयुष्य वाढते, असे मी मानत नाही. मग भिंतीपलीकडून तुमचे कण्हणे ऐकू आले की मेधापासून तोंड का लपवत होतो? थंडीत अंगणात सर्वांनी मिळून वालाच्या शेंगांची पोपटी लावली, तेव्हा मडक्यातल्या चार शेंगा खाऊन तुम्ही म्हणालात, "गेले असते तर हे राहिलं असतं रे." मी सुखावलो. आठच दिवसांनी औषध पाजताना तुम्ही माझे मनगट धरून विचारलेत, "कशाला ठेवलंस मला?" यांतले कोणते वाक्य मी खरे धरायचे? दोन्ही तुमचीच आहेत.

त्या शेवटच्या गणपतीत तुम्ही आपले मागणे मला दिले नाहीत; प्रकाशला दिलेत. मला ते लागले, हे आज कबूल करतो. प्रकाश उभा राहून म्हणाला, "काकू म्हणतात, यंदा कायी नको." बायका हसल्या, तुम्हीही हसलात. कार्तिकात तुम्ही गेलात.

'काही नको' म्हणजे काय, काकू? सगळे मिळाले, म्हणून? की मागून उपयोग नाही, मध्ये श्रीकांतसारखी माणसे असतात, म्हणून? लताला विचारावे तर तिला आधी सारे सांगावे लागेल. आणि आईचे ते वर्ष तिला माझ्यामुळे लाभले असे तिला वाटले तर तिने मला हात जोडावेत की दूषण द्यावे, हेही मला ठरवता येत नाही.

तुम्हाला इतकेच वचन देतो. उद्या प्रकाश शिफ्टला निघण्यापूर्वी त्याला गाठीन आणि मी काय केले ते त्याला सांगेन. त्यानंतरही चाळीला मी चालणार असेन, तर प्रत्येकाचे मागणे त्याच्याच शब्दांत पोहोचवीन. ते मला कितीही जड गेले तरी. आणि यंदा माझेही एक मागणे त्याच्याजवळ देईन : सुमनकाकूंचा माझ्यावर राग नसू दे. ते त्याने सर्वांसमोर जसेच्या तसे म्हणावे की त्याला योग्य वाटेल तसे बदलावे, हे मी त्याच्यावर सोडणार आहे.

तुमचा शेजारी,
श्रीकांत