पेढा, चिवडा आणि मोठेपणाचा प्रश्न

फुलचूर, गोंदिया
८ डिसेंबर

तीर्थस्वरूप कुंदाताईस,

चेतनाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या अर्धाच, उरलेला भेटीत घालीन). तुझी शुगर कशी आहे, सकाळचं फिरणं चालू आहे की थंडीचं निमित्त करून चुलीपाशी बसतेस, हे सविस्तर कळव. वीरेंद्र तुला संक्रांतीनंतर कायमची रायपूरला नेणार, असं तुमच्या अर्जुनीहून आलेल्या एका बाईंकडून कळलं. सख्ख्या बहिणीची बातमी मला भाजीच्या दुकानात मिळाली, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मुलगा आहे, नेणारच. पाचव्या मजल्यावर तुझा जीव रमेल का, हे तुझं तू बघ. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि एकदमच ठेवतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे.

पण लिहायला बसले ते एका अभिमानाच्या गोष्टीसाठी. डिंपल पुण्याला नोकरीवर जाताना जे दोन गिनीपिग माझ्या गळ्यात घालून गेली, ते तुला आठवत असतील. (दिवाळीत तू त्यांना 'शेपटी तुटलेले उंदीर' म्हणालीस. त्यांनी मनावर घेतलेलं नाही.) बदामी तो पेढा, तीन रंगांचा तो चिवडा. दोघेही नर, पिंजरा एक. तू आलीस तेव्हा पिल्लं होती, एकमेकांच्या अंगावर झोपायची. तू अकरा दिवसांत परत गेलीस (का गेलीस, तो विषय मी काढत नाही, एका स्वयंपाकघरावरून दोन बहिणी रुसल्या, हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही) आणि पुढच्याच आठवड्यात हे दोघे वयात आले.

काय सांगू ताई! पेढा कंबर डोलवत, पोटातून राइस मिलसारखी घरघर काढत चिवड्याभोवती फिरू लागला. चिवडा दात वाजवू लागला. मग पाठलाग, अंगावर चढणं, सांभाराच्या (डिंपल आता 'कोथिंबीर' म्हणते) एका काडीसाठी धक्काबुक्की, आणि अशा किंकाळ्या की शेजारच्या मुन्नीबाई कुंपणावरून ओरडल्या, "अहो, घरात कोणाला मारून राहिल्या का?" डिंपलने व्हिडिओवर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, तुला जमत नसेल तर एक कोणाला तरी देऊन टाकू." एकाला कसं देणार? भांडत असले तरी एकाला बाहेर काढलं की दुसरा गजांना नाक लावून शिट्ट्या मारत बसायचा. आणि 'जमत नसेल' म्हणजे काय? जिने डिंपलला वाढवलं, तिला दोन मुठीएवढे जीव सांभाळता येऊ नयेत?

आधी मी कॉन्व्हेंटचा उपाय केला. आमच्या बोर्डिंगात भांडणाऱ्या मुलीला सिस्टर तासभर कोपऱ्यात उभं करायच्या. मी भांडण काढणाऱ्याला धुण्याच्या टबात तासभर ठेवू लागले. तो परत आला की जणू परक्या गावचा पाहुणा आलाय अशा थाटात सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. (माझंही बोर्डिंगात तसंच व्हायचं, हे तेव्हा आठवलं नाही.)

मग मला आबा आठवले. आबा गावच्या तलावाचं पाणी वाटायचे, आणि त्यांच्या वाटपावर कोणी कधी ब्र काढला नाही. एकदा वरच्या बांधीतल्या धानाला आधी, पुढच्या वेळी खालच्या बांधीला आधी. आपण तलाव बांधणाऱ्यांच्या घरातल्या, न्याय आपल्या रक्तात. मी लाल पेनने समास आखून वेळापत्रक केलं: सोमवारी पेढ्याला आधी वाढायचं, मंगळवारी चिवड्याला, असं शनिवारपर्यंत; रविवारी दोघांना एकदम. ते पिंजऱ्यावर चिकटवलं. (हो, दिवाळीत आपल्या दोघींच्या स्वयंपाकाच्या पाळ्यांचं फ्रीजवर चिकटवलं होतं तसंच. तू ते ज्या नजरेने वाचलंस ती मी विसरले नाही.) सतरा दिवस एक चूक न करता ते पाळलं. सतरा दिवस भांडण वाढत गेलं.

अठराव्या दिवशी आपली गीताबाई, जी भांडी घासायला येते, ती हात पुसत पिंजऱ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी मंधात काऊन पडता? ते भांडून नाही रायले, मोठा कोन ते ठरवून रायले. ते ठरवतेत आन् तुमी रोज सकारी मोडता."

मला राग आला. मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तेच हिंदीत सांगितलं, म्हणून मला पटलं. रक्त निघत नाही तोवर हात घालायचा नाही. जागा मोठी करा. वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, आणि लपायच्या खोक्याला दारंही दोन, म्हणजे कोणी कोणाला कोंडीत पकडणार नाही. बाकी त्यांचं ते बघतील.

मी जेवणाच्या खोलीचा अर्धा भाग त्यांना दिला आणि तीन दिवस स्वतःच्या हातांवर बसून राहिले. आयुष्यात इतकं कठीण काम केलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दोघे वाटीपाशी समोरासमोर आले. पेढ्याने हनुवटी वर केली. चिवड्याने क्षणभर विचार केला आणि मान खाली घातली. संपलं! तेव्हापासून पेढा आधी खातो, चिवडा मागून, आणि दुपारी दोघे एकाच खोक्यात झोपतात. गंमत म्हणजे मोठेपण मान्य झाल्यापासून पेढा ते दाखवतही नाही. परवा सिमला मिरचीचा तुकडा त्याने चक्क चिवड्यासाठी सोडला. तू नाही का, पहिला अनारसा हक्काने घ्यायचीस आणि मोडून मोठा अर्धा मला द्यायचीस! तेव्हा आपलं एकदाही भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

डिंपलला कळवलंय, दोघेही इथेच राहतील. दोघांना वठणीवर मी एकटीने आणलं, हे तिकडे सगळ्यांना सांग (ज्यांच्याशी तू सध्या बोलतेस त्यांना तरी).

तुझी धाकटी,
चेतना

ता. क. 'मी एकटीने' लिहिलंय तिथे 'गीताबाईने' असं वाच. ती समोरच बसली आहे आणि काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणते.

ता. क. २. फ्रीजवरचं वेळापत्रक काढलं. मागच्या खोलीत दुसरी शेगडी बसवून घेतली आहे. त्या खोलीला अंगणात उघडणारं वेगळं दारही काढलं, म्हणजे तुला रागावून बाहेर जायचं असेल तर माझ्यासमोरून जावं लागणार नाही. मोठी तू आहेस. डाळीला फोडणी आधी की नंतर, हे तू ठरव. मी खाईन.

ता. क. ३. वीरेंद्रशी मी बोललेले नाही, ते तूच बोल. रायपूरचं सामान बांधून झालं असेल तर सोडू नकोस. नाहीतरी गाडी गोंदियालाच बदलावी लागते. तू फक्त पुढची पकडू नकोस.