माचीचे पाय

२० डिसें. १९५३, गिरीज

नाताळच्या सुट्टीला घरी. हातपाय धुवायच्या आत बाबांनी विषय काढलाच. "डिझाइन डिझाइन म्हणजे शिकवतात तरी काय? घराच्या उपयोगाचं एक काही करून दाखव, मग खुशाल शेवटचं वर्ष कर. नाहीतर वैशाखात उजवून टाकतो." हसत म्हणाले. पण मी ओळखते त्यांना, स्थळसुद्धा हेरून ठेवलं असेल.

जाम चिडले. जेवणाआधीच चित्र काढलं. वहिनी मागच्या दारी सुकेळी घालते. केळी सोलून जमिनीवर चटयांवर उन्हात वाळत घालायची आणि दिवसभर ओणवं होऊन उलटायची. तिच्यासाठी कमरेइतकी उंच माची, वर बांबूची ताटी. बाबा चित्र बघून खूश.

कॉलेजात सरांनी बजावलं होतं, आठवडाभर नुसतं बघा, पेन्सिल नंतर. माझी उलटी गंगा. असो. बघणं उद्यापासून.

२१ डिसें.

पहिला धडा, तोंडावर पडून शिकले. सकाळी ओटीवर बाबा झोपाळ्यावर, वहिनी चहा घेऊन आली. मी तिथेच विचारलं, "वहिनी, वाकून पाठ दुखते ना गं?" तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "नाही बाई." संपलं! सासऱ्यांसमोर ती दुसरं काय बोलणार होती? काय विचारावं यापेक्षा कुठे विचारावं हे आधी शिकायला हवं. वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं.

२३ डिसें.

मागच्या दारी वही घेऊन स्टुलावर बसले. शेजारच्या वाडीतली फिलुमिन कुंपणाच्या फटीतून आली, मला बघून थबकली. "काय गो, आमची चितरं काढतेस?" मग दोघी मुक्या. केळी एकदम सरळ रांगेत मांडायला लागल्या, इन्स्पेक्टर आल्यासारख्या. वैताग आला. या वहीत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

२४ डिसें.

वही घरात ठेवली. खाली बसले, केळी सोलायला घेतली. हात चिकट झाले आणि त्या बोलायला लागल्या.

फि.ला आज नाताळची कोण घाई, तरी आली. उलटायचं काम होतं थोडकंच. मग दोघी भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसल्या. वहिनी पाय लांब करून बसते! आई गेल्यापासून घर तिच्यावर, दादा मुंबईला नोकरीत, शनिवारी येणार. घरात तिला मी कधी टेकलेली बघितलेली नाही. इथे ती फि.च्या सासूची नक्कल करत होती. इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. विहिरीच्या पाण्यावरून बाबा आणि फि.चा सासरा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. या दोघी रोज भेटतात हे बाबांना ठाऊकच नाही.

वहिनी म्हणाली, "सुकेळी आहेत म्हणून बरंय, वन्सं." कशासाठी बरं, ते सांगावं नाही लागलं.

२६ डिसें.

बाबांनी सुताराला निरोप धाडला. दादाला सांगत होते, "पाय उंच झाले की पुढच्या अंगणात मांडू. ऊन भरपूर, कोंबड्या शिवणार नाहीत, आणि झोपाळ्यावरून माझं लक्षही राहील." दादा म्हणाला, "वा! शिकल्याचा उपयोग झाला." माझी पाठ थोपटली.

हे डोक्यातच आलं नव्हतं. चटया पायाखाली येतात म्हणून तर मागे घालायच्या. मी चार पाय काढले आणि वहिनीला उचलून बाबांच्या डोळ्यांपुढे ठेवलं.

२८ डिसें.

बाबांना म्हटलं, माची नको, दुसरं काही करते. "का?" का ते सांगितलं तर फि.चं येणं बंद. नाही सांगितलं तर माझं कॉलेज बंद. "धरसोड करायला शिकवतात वाटतं," बाबा म्हणाले. बुटकी माची मागेच ठेवू म्हटलं, तर "मग चटया काय वाईट आहेत?" बरोबरच आहे त्यांचं. त्यांना दिसतंय तेवढ्यात बरोबरच आहे.

सरांना काय दाखवू? माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं संशोधन, आणि ते कुणाला दाखवायची सोय नाही. स्वतःचाच भयंकर राग येतोय. कुठूनही वाट नाही.

२९ डिसें.

सुतार आला. लाकूड बघितलं, डोकं खाजवलं. "ताई, पाय किती उंच ठेवू?" बाबा झोपाळ्यावर. "तिलाच विचार, तिचं काम आहे," अभिमानाने म्हणाले. मी मोजून सांगते म्हणून आत पळाले. तो उद्या सकाळी येतो म्हणून गेला.

वहिनी चुलीपाशी. सगळं ऐकलेलं. म्हटलं, "माची उंच झाली तर तू काय करशील?"

"काय करणार? उभी राहीन."

भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उंचच सांगा, वन्सं. दोघींतली एक तरी सुटेल."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने माझ्या पुढ्यात ताट सरकवलं.

आत्ता बाबांनी ओटीवरून हाक मारली, "उंची ठरली का गं?" मी हो म्हटलं. काय ठरलंय ते माझं मलाच माहीत नाही.