बरणीतले विश्वकिरण

बदलापूर, आश्विन, १९५७

तीर्थस्वरूप कोंडाजीमामांना जयदेवचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांनी जिन्याशी तह केला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. माझी अक्कल तेवढी जरा लंगडते आहे.

यंदा पेपरात आलं होतं, की निसर्ग डावं-उजवं करत नाही हा थोरामोठ्यांचा समज एका प्रयोगाने खोटा ठरला. मी दहावीच्या वर्गाला ठणकावलं, शास्त्रात कुणाचा शब्द चालत नाही, तपासून बघायचं. (‘कुणाचा’ म्हणताना मी स्वतःला धरलं नव्हतं.) मग विश्वकिरण दाखवायला एक काचेची बरणी घेतली, बुचातून तांब्याची तार सोडली आणि उल्हासनगरच्या सिंधी हलवायाकडून आणलेल्या वर्खाची दोन पानं टोकाला लावली. (“मास्तर, ये बर्फी पे लगता है,” तो काकुळतीने म्हणाला.) लोकरीवर घासलेला कंगवा तारेला लावला की पानं फाकत आणि कुणी हात न लावता हळूहळू मिटत. हे आकाशातून येणाऱ्या किरणांचं काम, ते हवेतून पानांतली वीज पळवतात, असं मी जाहीर केलं. हेडमास्तर इतके भारावले की त्यांनी इन्स्पेक्टरसाहेबांना बोलावणं धाडलं. माझी नोकरी कायम व्हायची आहे, म्हणून मीही अडवलं नाही.

बारवीकडच्या पाड्यावरून येणारी ठमी उभी राहिली. “गुरुजी, किरण वरून येतात, तर डोंगरावर पानं बिगीनं मिटाया नको?” प्रश्न रास्त होता, म्हणूनच राग आला. वर्ग घेऊन डोंगर चढलो. वर कोरडं ऊन. भाकऱ्या खाऊन झाल्या तरी पानं मिटेनात. मी वाऱ्याला बोल लावला. दुसऱ्या दिवशी ठमीने बरणीत कळीचा चुना टाकून बूच मेणाने बंद केलं, तर वर्गातही पानं फाकलेलीच. विश्वकिरण आहेत, मामा, पण माझ्या बरणीत होती ती नदीकाठच्या शाळेची ओल; तीच वीज पळवत होती, आणि चुन्याने ती शोषून घेतली.

साहेब आले त्या सकाळी पानं पुन्हा मिटावीत म्हणून चुना काढायला मी बूच उपटत होतो, तेव्हा पाहिलं तर सगळा वर्ग दारात उभा. मग साहेबांना सांगितलं, मी चुकलो, कसं ते ही मुलगी दाखवील. तिने दाखवलं. साहेबांनी तिला विचारलं, म्हणजे गुरुजींनी चुकीचं शिकवलं? ती म्हणाली, “किरणांचं चुकलं. तपासा म्हनले, ते न्हाई चुकलं.” साहेबांनी चहा दुसऱ्यांदा मागवला. नोकरीचं अजून कळलेलं नाही.

तुमचा,
जयदेव

ता. क. ठमीचा बाप गोमा तिचं लग्न ठरवतो आहे; शाळा सुटेल. तुम्ही जंगलखात्यात होतात तेव्हा तो तुमचा शब्द मानायचा. गुडघे कसेही असोत, दिवाळीआधी याच.

ता. क. दुसरा. तिच्यासमोर मात्र काही ठोकून सांगू नका. मला एकट्याला पुरे झालं आहे.