गप्प बसलो म्हणजे ‘हो’ नव्हे

३ नोव्हेंबर १९६२, शनिवार

‘एकमताने मंजूर’ म्हणे! कुणाचं एकमत?

पुण्याहून सरकारी साहेब जीपनं आला. चीनची लढाई लागलीय, शाळाशाळांतून कवायत सुरू व्हायचीय, तर आमच्या सुतारकाम सोसायटीनं चारशे लाकडी बंदुका करून द्यायच्या. कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं. आम्ही बाराजण आमच्या रितीप्रमाणे डोळे मिटून बसलो. मिसबाई विलायतेहून येऊन ही वस्ती उभी करून गेल्या, त्यांच्या मित्रपंथाची हीच रीत – हात मोजायचे नाहीत. आधी शांत बसायचं, आत काय उमटतं ते ऐकायचं, मग बोलायचं. एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तरी काम थांबतं. हौसरावांसारखे हिंदू सभासदसुद्धा हे मान्य करूनच इथं आले. गाव आम्हाला मुक्यांची वस्ती म्हणतं ते यामुळंच.

साहेबाला काय ठाऊक! दोन मिनिटं थांबला, घड्याळ बघितलं, म्हणाला, छान, कुणाची हरकत नाही. मी डोळे उघडेपर्यंत सही झालेली. सही कुणाची? चिटणिसाची. म्हणजे आमच्याच ह्यांची! तळपायाची आग मस्तकात गेली.

४ नोव्हेंबर

ह्यांच्याशी बोलले नाही. ‘साहेब घाईत होता’ एवढंच हे पुटपुटले. साहेब घाईत होता म्हणून आपण मूग गिळायचे?

आणि मी तरी काय केलं? मीही गप्पच होते. हे खुपतंय.

६ नोव्हेंबर

घोडनदीला कचेरीत जाऊन आले. चालत. अर्ज दिला – माझी हरकत आहे, एकमत झालेलं नाही. कारकून म्हणाला, बाई, हरकत होती तर तेव्हाच बोलायचं. म्हटलं, आम्ही आधी विचार करतो, मग बोलतो. हसायला लागला. मग म्हणाला, बरं, हे शपथेवर लिहून द्या.

‘शपथ मी घेत नाही. शपथेशिवायही खरंच बोलते.’

कपाळाला हात लावला बिचाऱ्यानं! दोन तास बसवून ठेवलं. मी पण हलले नाही. शेवटी शिक्का मारून अर्ज घेतला.

८ नोव्हेंबर

कचेरीतून निरोप आला. ठराव नव्यानं करून पाठवा, नाहीतर काम दुसरीकडं जाईल. हौसराव – आमचे चेअरमन – दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही. म्हणाले, हन्नाबाई, चार महिन्यांत बाकांची एक ऑर्डर न्हाई. अकरा घरांची एक चूल हाय, ती कशावर पेटवू? म्हटलं, वस्तीत येताना शस्त्राला हात लावणार नाही असं आपण सगळ्यांनी लिहून दिलंय.

‘आवो, लाकडाची हाय ती!’

लाकडाची असली तरी पोरं नेम माणसावरच धरायला शिकणार ना? हेही मी बोलून दाखवलं. ते निघून गेले.

९ नोव्हेंबर

दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलंय – ‘चीनची मावशी’. पुसणार नाही. वाचू दे सगळ्यांना. मावशीतला ‘शी’ तरी दीर्घ काढलाय, आमच्याच शाळेतलं पोर असणार!

१० नोव्हेंबर

आज स्वयंपाकघरात सोजराबाईनं हातातलं पीठ तसंच टाकलं. तिचा मच्छिंद्र फौजेत आहे, तिकडं डोंगरात. तीन आठवडे पत्र नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, ‘माझं लेकरू बर्फात हाय, आन् तू लाकडाला भितीस व्हय गं?’

तिनं टाकलेलं पीठ मी मळायला घेतलं. राग नाही आला. रडू आलं, पण तिच्यासमोर नाही रडले.

१२ नोव्हेंबर

तरी तिचं पत्र लिहायला गेलेच. दर सोमवारी मीच लिहिते, तिला अक्षर येत नाही. मला बघून तोंड फिरवलं, पण पाट सरकवला. सांगितलं – इथं समदं बरं हाय, जिवाला जप, लवकर ये. आमच्या भांडणाचा एक शब्द नाही. माझ्या मनचं असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

१४ नोव्हेंबर

हे दौंडला गेले होते. सागाची वॅगन लागली होती तिथं. आल्यावर विचारलं, तुमच्या मनात तरी काय आहे? पायातल्या वहाणा काढत राहिले. वीस वर्षं संसार केला, ह्या माणसाच्या पोटातलं ओठावर कधी आलं नाही!

१७ नोव्हेंबर

हौसरावांनी सांगितलं – उद्या हात वर करून ठरवायचं. जास्त हात तोच ठराव. जो कामाला नाही म्हणेल त्यानं वस्तीतली खोली सोडायची.

म्हटलं, हात मोजायचे हे तरी कुणाला विचारून ठरवलं? त्यालाही माझं ‘नाही’ आहे. म्हणाले, एका बाईपायी अकरा घरं उपाशी ठेवू काय? खोटं नाही ते. पण मीही खोटी नाही. ही खोली म्हणजे माझी वीस वर्षांतली पहिली पक्की भिंत आहे. तरी शेंडी तुटो की पारंबी तुटो – बंदूक घासायला मी काचपेपर हातात घेणार नाही. बोचकं बांधून ठेवलंय. ह्यांच्या कपड्यांना हात लावला नाही. ते राहतील इथं, कसबी सुतार आहेत, त्यांना कोण काढतंय?

१८ नोव्हेंबर, रविवार

हात वर झाले. सोजराबाईचा सगळ्यात आधी. मी हात मांडीवर ठेवून बसले. हे वहीत मान घालून लिहीत होते. हौसराव म्हणाले, ‘लिवा दावीदराव, अकरा व्हय, एक न्हाई.’

ह्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं – ‘दहा होय. दोन नाही.’

हौसरावांनी विचारलं, दुसरं कोण?

‘मी.’

ठराव मंजूर झाला. शनिवारपर्यंत खोली सोडायची आहे – दोघांनी.