चारही चाकं जमिनीवर

प्रिय मोठ्या साहेबांना,

साहेब म्हटलं की तुझं नाक फुगतं, म्हणून मुद्दाम म्हटलं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर लागलं नाही, तर सूनबाईकडून वाचून घे. ती शहाणी आहे, तुझ्यावर गेलेली नाही.

कमरेत उसण भरलीय, कोपर सोललंय आणि केसांत ग्रीस आहे. घाबरू नकोस, पडले नाही. गाडीखाली झोपले होते. ह्यांच्या गाडीखाली.

ते लोखंडी दांडे आठवतात? गाडी जुनी झाली, गतिरोधकावरून गेली की माझ्यासारखीच अंगभर कुरकुरायची. खालून आडवे दांडे आवळले की सांगाडा ताठ राहतो, असलं पुराण हे मला रोज जेवताना ऐकवायचे. दांडे घरी आले आणि हेच गेले. दीड वर्ष तो खोका पलंगाखाली होता. झाडताना केरसुणी अडायची, तर मी म्हणायचे, सरका की जरा.

मग तू आलास. अर्ध्या तासात दांडे बसवतो म्हणालास. गाडी जॅकवर, चारही चाकं हवेत लोंबकळतायत, भोकं जुळेनात, तर टॉमीची लोखंडी कांब घालून ओढलीस आणि बोल्ट हाणलेस. मी म्हटलं, अरे, जुळत नाही म्हणजे काहीतरी चुकतंय. तर म्हणालास, आई, तू चहा ठेव. ठेवला. त्यात साखर नव्हती, ते विसरून नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मागचं दार लागेना, स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. तू फोनवर म्हणालास, गाडीनं मान टाकली, विकून टाक. महिन्यानं म्हणालास, घरही काढू, एकटी कशाला राहतेस, इकडे तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय. बघ, गाडीवरून गाडी माझ्यावर आलीच.

मी ह्यांच्या जुन्या गॅरेजवाल्या वस्तादाला बोलावलं. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, वहिनी, लोंबकळती गाडी स्वतःच्या वजनानं वाकलेली असते. तशीच आवळली, तर तो वाक आत कोंडला जातो. तिला आधी तिच्या चाकांवर उभी करा. मी बसवून देतो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही नुसतं सांगा, भाऊजी.

तीन दिवस लागले. चारही चाकं सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवली, पुढंमागं पाचर मारली, तुझे बोल्ट सोडले. शेवटचा सुटला तेव्हा गाडी कण्हली, आणि मागचं दार निमूट लागलं. भोकांभोवतीचा गंज घासला. आणि मग काय सांगू, सगळे बोल्ट बोटांनी आत गेले रे! ना टॉमी, ना हातोडी. नंतर थोडा हा, थोडा समोरचा, असं करत, बेताचा जोर झाला की टक् वाजणाऱ्या पान्यानं आवळले. दीडशे किलोमीटर हिंडवून पुन्हा पाना लावला. एकही सैल नव्हता. वस्ताद म्हणाला, वहिनी, उद्यापासून गॅरेजात या. विचार करतेय.

आता मुद्द्याचं. तू घर विकायचा कागद पाठवलास, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुलीही मारलीस. फुली खोडली, सही केली नाही. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं, त्याला नको म्हणून कळव. त्या दिवशी मीच तुझ्याकडे येतेय, गाडी चालवत, कागद परत द्यायला. दोन दिवस राहीन, नातीला फिरवीन, आणि मंगळवारी माझ्या घरी परत. तुझा आधार नको असं नाही रे. पण तू मला हवेत उचलून आवळायला निघालास. मी माझ्या पायांवर उभी असताना लाव, बघ कसा बोटानं बसतो. आणि रविवारी खाली उतरशील तेव्हा मागचं दार तेवढं लावून बघ. जोर करू नकोस.

तुझीच, पाना घेतलेली,
आई