कपाटाच्या नावावर खपलेली बावीस मिनिटे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा आधी जॅझच्या चौकडीत ट्रम्पेट वाजवणे आणि नंतर दूरचित्रवाणीवरच्या अंतराळ-मालिकांसाठी यंत्रातून संगीत काढणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलीचे मत थोडे वेगळे आहे, पण तिने ते लेखी दिलेले नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणाचा धाक नाही. माझी मिळकत माझ्याच कमाईची आहे आणि तिची व्यवस्था माझ्या पश्चात येणेप्रमाणे व्हावी.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, तसेच बँकेतली ठेव, हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वर उचलून मग डावीकडे ओढावी लागते. हे तिला माहीत आहे, पण जावयांना दर वेळी नव्याने सांगावे लागते.

कलम २. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांनी मी वाजवायला बसलो की तीस वर्षे काठीने जमीन ठोकली. ठोकण्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचा ताल सरकत असे एवढेच. त्यांना माझे लाकडी तालयंत्र द्यावे आणि माझा राग संपला असे कळवावे.

कलम ३. ट्रम्पेट. हे वाद्य मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत पोटासाठी वाजवले. एका सकाळी चहा प्यायला लागलो तर तो हनुवटीवरून सदऱ्यावर गळला. अर्धा चेहरा रात्रीतून लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, येईल परत. चेहरा आला, पण ओठ आला नाही. वरचे स्वर धरायला गेलो की फुस्स अशी हवा निघे. चौकडीने माझी जागा चार महिने रिकामी ठेवली, यापेक्षा जास्त कोण ठेवतो? मी घरात बसून भिंतीकडे पाहू लागलो तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "अहो, तोंड वाकडं झालंय, कान तर शाबूत आहेत ना?"

ती दूरचित्रवाणी केंद्रात टंकलेखिका होती. घराची वाट चुकलेल्या एका अंतराळयानाच्या मालिकेच्या संहिता तिच्या हाताखालून जात होत्या. निर्मात्या बाईंना (त्यांना सगळे नुसते बाईच म्हणत) कोणी कधी ऐकले नसेल असे संगीत हवे होते. पत्नीने माझे नाव सुचवले आणि मला विचारले मागाहून.

हे ट्रम्पेट ज्या शाळेत बँड असेल अशा कुठल्याही शाळेला द्यावे. काचेच्या पेटीत ठेवू नये. पोचे पडू द्यावेत.

कलम ४. "कपाट" म्हणून घरात ओळखले जाणारे यंत्र. हे कलम लांबणार आहे, साक्षीदारांनी खुर्च्या घ्याव्यात.

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होता आणि आमच्या चौकडीत मोठा बास, म्हणजे माणसाएवढे तंतुवाद्य, वाजवत असे. तारा तपासण्यासाठी एकेक सरळ स्वर काढणारे नऊ डबे खात्याने मोडीत काढले होते. ते त्याने रीतसर पावती करून आणले, लोखंडी कपाटात बसवले आणि समोर बटणांच्या रांगा लावल्या. एकटा डबा डासासारखा गुणगुणे. नऊ डबे एकदम लावून बटणे हळूहळू फिरवली की खोलीतली हवा जड होई. यंत्र तापले की स्वर चढत जाई. केंद्रातले इंजिनियर याला दोष म्हणत. मी वीस वर्षे आमच्या ड्रमरबरोबर वाजवले होते, त्याला आम्ही टपटप म्हणायचो, तोही तापला की चढायचा. मला सवय होती. मी पडद्यावरचे चित्र पाहत, काही न लिहिता, जॅझ वाजवावा तसे कपाट वाजवत असे. चार वर्षे, अठ्ठेचाळीस भाग.

एकोणपन्नासावा भाग शेवटचा होता. यान घरी पोचते. त्यात बावीस मिनिटे कोणी एक शब्द बोलत नाही, फक्त संगीत. ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी प्रक्षेपण होते. सकाळी अकरा वाजता मी कपाट चालू केले आणि त्यातून धूर आला. मेहुण्याने मागचे दार उघडले, वास घेतला आणि पेचकस खाली ठेवला.

"भाऊजी, दोन दिवस तरी लागतील."

"उद्या आहे रे प्रक्षेपण."

"मग माझ्याकडे कशाला बघताय? तुम्ही वाजवणारे ना?"

मी टपटपला फोन केला. तो छाती भरलेली असताना, मफलर गुंडाळून आला. त्याने झांजेची मोठी थाळी वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवली, तिचा आवाज वाकून खाली गेला. मेहुण्याने बासवर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या बाजूला गज ओढला. आणि मी सहा वर्षांनी ट्रम्पेट तोंडाला लावले. स्वर काढायला नाही, कारण तो निघणार नव्हता. ओठ न आवळता मी नुसता श्वास सोडला आणि खटके अर्धवट दाबत राहिलो. नळीतून वारा निघाला. हे सगळे टेपवर घेऊन ती निम्म्या वेगाने लावली तेव्हा आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. पडद्यावर यानाचे दार उघडत होते आणि बाहेरची हवा आत येत होती.

बाई चार वाजता आल्या. सबंध ऐकले. म्हणाल्या, "कपाट आज छान वाजलं."

मी म्हणालो, "हो."

या एका अक्षराचा हा सगळा व्याप. वर्ष संपता संपता त्या भागाला पारितोषिक मिळाले. मानपत्रात लिहिले होते की या संगीताला मानवी श्वासाचा स्पर्शही नाही. मी ते व्यासपीठावर उभा राहून ऐकले. टपटप मागच्या रांगेत रुमाल तोंडात कोंबून हसत होता. मेहुणा हसला नाही. जिन्यात मला गाठून म्हणाला, "माझं नाव नाही आलं, नसू दे. पण माझं कपाट त्या दिवशी जळलं होतं. ते वाजलं असं म्हणू नका. मला ते सहन होत नाही."

मी सांगितले नाही. विभाग बंद पडायच्या बेतात होता आणि पारितोषिकाने तो तरला, हे कारण मी लोकांना नाही तरी स्वतःला देत असे. खरे कारण वेगळे होते. तो श्वास माझा आहे हे कळले असते तर लोक म्हणाले असते, मग वाजवा की ट्रम्पेट. आणि ती बावीस मिनिटांची हवा सोडली तर माझ्याजवळ काही नव्हते.

मेहुणा माझ्याशी बोलेनासा झाला. दर रविवारी जेवायला मात्र यायचा. "ताई, भाऊजींना सांग, मीठ सरकवा," असे समोरासमोर बसून चालायचे. पत्नी म्हणे, "मी बायको आहे की टेलिफोन एक्सचेंज?" ती अकरा वर्षांपूर्वी गेली आणि लाईनच तुटली.

मागल्या वर्षी केंद्राच्या संग्रहालयातून एक मुलगी आली. मालिका साफसूफ करून पुन्हा दाखवणार होते. तिने एकोणपन्नासाव्या भागावर ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला होता. कपाटातून श्वासासारखा आवाज कोणत्या बटणांनी काढला, हे शोधण्यात तिची दोन वर्षे गेली होती. वहीत बटणांचे तक्ते होते. मला तिच्याकडे बघवेना. तिला म्हणालो, "आठ दिवस थांब." आणि बाईंकडे गेलो.

बाई आता एक्याण्णव वर्षांच्या आहेत. गॅलरीत शाल घेऊन बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सतराव्या मिनिटाला खोकला आहे."

"कसला खोकला?"

"टपटपचा. टेप हळू केल्यावर वादळ गडगडल्यासारखा लागतो. पण तो माझ्याच इमारतीत राहायचा, चार वर्षं मी त्याला जिन्यात खोकताना ऐकलंय. यंत्राला कधी खोकला होतो का रे?"

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू 'हो' म्हणालास. म्हटलं, सांगेल स्वतःहून. चाळीस वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं. बस आता, किती वेळ उभा राहणार?"

मी बसलो. खूप वर्षांनी पाठ टेकून बसलो.

तिथूनच मेहुण्याला फोन लावला.

"कोण?"

"मी."

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, "हं, बोला."

मी सांगितले की सगळे सांगितले. बाईंना सांगून झाले, आणि त्या भागावर प्रबंध लिहिणाऱ्या संग्रहालयातल्या मुलीला उद्या सांगणार. तो म्हणाला, "एक वायर जळली होती फक्त. माझी जोडणी बरोबर होती. तिसऱ्या दिवशी केलं होतं मी चालू. हे पण लिहायला सांगा तिला." मी म्हणालो, सांगतो. "रविवारी येऊ का?" त्याने विचारले, आणि आला.

संग्रहालयातली मुलगी रडेल असे मला वाटले होते. ती खुर्चीवरून उठून नाचली. नव्या श्रेयनामावलीत आता तिघांची नावे आहेत, आणि मेहुण्याच्या नावापुढे "बास व कपाट-रचना" असे दोन्ही आहे. जळालेल्या वायरची गोष्ट तिच्या प्रबंधात तळटीप म्हणून गेली आहे.

तरी सदर कपाट मेहुण्याला मिळावे. तो म्हणतो, "मला कशाला? मी तुमच्या आधी जाईन." तसे झाल्यास संग्रहालयाला द्यावे.

कलम ५. पाण्याच्या बादलीतली ती झांज टपटपच्या पत्नीला द्यावी. तो जाऊन पंधरा वर्षे झाली. नवी श्रेयनामावली पाहून ती एवढेच म्हणाली, "आमचे हे घरी सगळं सांगायचे हो. मला वाटायचं, थापा मारतात." माझ्यामुळे एक खरा माणूस स्वतःच्या घरात थापाड्या ठरला, याची मी तिच्याकडे माफी मागितली आहे. तिने दिली.

कलम ६. मी गेल्यावर दोन मिनिटे शांतता पाळू नये. बोलावे, खुर्च्या ओढाव्यात. बाकी देहाचे काय करायचे ते मुलीने ठरवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, ती माझ्यासारखी दिरंगाई करणार नाही.

कलम ७. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. त्याला लाख लावून बंद केलेले एक पाकीट जोडले होते, वर लिहिले होते, "मी गेल्यानंतर उघडावे." त्यात वर कलम चारमधलीच, पारितोषिकापर्यंतची हकीकत होती, फक्त भित्र्या भाषेत. काल दुपारी मुलगी आली तेव्हा ते तिच्यासमोर फोडले आणि तिला वाचायला दिले. तिने वाचले, माझा चष्मा पुसून परत दिला आणि विचारले, "बाबा, अजून काही आहे का?"

मी नाही म्हणालो. आणि खरेच नव्हते. माझ्या पश्चात उघडण्यासारखे या घरात आता काहीही नाही.

स्थळ : माझे राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : १४ मार्च २०२५, शुक्रवार, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणाराची सही : (सही)

वरील लेख लिहून ठेवणाराने आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या करत आहोत.

साक्षीदार १ : (सही) तळमजल्यावरचे दंतवैद्य
साक्षीदार २ : (सही) शेजारच्या दारातल्या, टपाल खात्यातून निवृत्त